बिनवासाचे बांगडे

माझ्या कोविडची गोष्ट मी सांगायला घेतली की माझी बायको वैशाली उठून स्वयंपाकघरात जाते. तिने ती निदान चाळीस वेळा ऐकली आहे आणि तिची तक्रार अशी की दर खेपेला माझा ऑक्सिजन आणखी दोन आकड्यांनी खाली उतरतो. "परवा पाटलांकडे तुम्ही ऐंशीवर नेलात. अजून दोन वर्षांनी ही गोष्ट तुमच्या फोटोला हार घालूनच संपेल," ती म्हणाली. "त्यापेक्षा एकदा लिहून काढा. आकडा तरी पक्का होईल."

म्हणून लिहितो. ऑक्सिजन ब्याण्णव होता.

लिहायचं आणखी एक कारण आहे. त्या दिवसांत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी चोरून पाय बाहेर टाकला. कुणी भाजीच्या नावाखाली, कुणी औषधाच्या. त्यातली एखादी फेरी नंतर छातीवर येऊन बसते. माझ्या छातीवर बसली ती बारा मिनिटांची होती. तुमच्यापैकी कुणी असं काही मनात दाबून ठेवलं असेल तर त्याने हे वाचावं आणि लगेच फोन उचलावा. मी चार दिवस उशीर केला.

सुनीलचा कायदा

आम्ही मूळचे मालवणकडचे. मी मुलुंडला राहतो. आई दिंडोशीला, माझा धाकटा भाऊ सुनील आणि त्याची बायको मीनल यांच्याकडे. आईचं वय तेव्हा एक्याऐंशी. साखर वाढलेली, हृदयाची एक झडप संपावर गेलेली, तोंड मात्र पूर्ण पाळी भरणारं.

टाळेबंदी जरा सैल झाली तेव्हा सुनीलने मला फोनवर कायदा वाचून दाखवला. "दादा, आईला काही द्यायचं असेल तर गेटवर वॉचमनकडे दे. वर यायचं नाही. खालून हात कर, ती गॅलरीत येईल. विषय संपला."

मागून मीनलचा आवाज आला, "आणि पिशवी कापडी नको म्हणावं. प्लास्टिकची आणा, धुता येते."

मीनल शाळेत गणित शिकवते. तिच्याशी बोलून झालं की मला नेहमी आपली वही तपासून परत मिळाल्यासारखं वाटतं.

आठ बुधवार मी कायदा पाळला. मासे घ्यायचे, स्कूटर गोरेगाव-मुलुंड रस्त्याला लावायची, दिंडोशीला पिशवी वॉचमनकडे द्यायची आणि मान वर करून उभं राहायचं. तिसऱ्या मजल्यावर आई. हात हलवण्यावर तिचा विश्वास नाही. ती तिथून ओरडायची, "मागच्या बुधवारचो पापलेट माज्या वयाचो होतो रे!" सगळी बिल्डिंग खिडक्यांत यायची. त्या दिवसांत लोकांना करमणूक कमीच होती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आईने कुणाच्या माशांना चांगलं म्हटलेलं आम्ही भावांनी कधी ऐकलेलं नाही. वडिलांनी चाळीस वर्षं बाजार केला. ते गेल्यावर चौदाव्या दिवशी आई एवढंच म्हणाली, की त्यांनी शेवटी आणलेला हलवा मासा त्यातल्या त्यात बरा होता.

नववा बुधवार

दोन दिवस अंग जरा मोडून आल्यासारखं होतं. कामवाल्या बाई येत नव्हत्या आणि लादी पुसायचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून मी त्याचं खापर लादीवर फोडलं.

नाक्यावर हौसामावशी टोपली घेऊन बसली होती. मासे बघण्याचं शिक्षण मला वडिलांनी दिलं. डोळे फसवतात, कल्ले फसवतात, बर्फ तर जन्माचा लबाड. नाक फसवत नाही. ज्या माशाला वास नाही तो ताजा.

मी मास्क खाली केला. हो, केला. बांगडा उचलून नाकाशी नेला. वास नाही. दुसरा उचलला. वास नाही. तिसरा, चौथा, थेट टोपलीतच डोकं घातलं. समुद्राचासुद्धा वास नाही! इतका ताजा मासा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"मावशी," मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "आज काय, उड्या मारत आले वाटतं टोपलीत?"

मावशीने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि न मागता भाव कमी केला. तिथेच मला कळायला हवं होतं. आठ घेतले. चार आईला, चार घरी.

वाटेत नाकाबंदी. वीस मिनिटं उन्हात. पोलिसाने डिकी उघडायला लावली, वाकून पाहिलं आणि झटक्यात मागे झाला.

"काय आहे हे?"

"साहेब, आईसाठी मासे."

"जा. जा लवकर."

मातृभक्तीला अजून मान आहे, असा विचार करत मी पुढे निघालो.

दिंडोशीला गेटवर वॉचमन नव्हता, पाण्याची मोटर लावायला गेला होता. पिशवी ठेवावी तर तीन मांजरं आधीच पवित्र्यात बसलेली. हे मी सुनीलला नंतर कारण म्हणून सांगितलं. खरं कारण असं, की पाच महिने मी आईला जवळून पाहिलं नव्हतं.

वर गेलो. दार आईनेच उघडलं. सुनील बँकेत होता. आतल्या खोलीत मीनलचा ऑनलाइन वर्ग चालू होता.

"पिशवी घे, मी जातो," मी कुजबुजलो.

"तोंड दाखव."

"आई, मास्क काढायचा नसतो."

"दोन म्हयने नुसते डोळे बघतंय तुजे. डोळे तुज्या बापाशीचे आसत, ते माका पाठ आसत. तोंड दाखव."

आणि तिने हात वर करून माझा मास्क हनुवटीखाली ओढला. माझ्या गालावरून अंगठा फिरवला. "सुकलंस मरे," म्हणाली.

आतून मीनल मुलांना म्हणाली, "हे उदाहरण सोडवा. बारा मिनिटं देते."

त्या बारा मिनिटांत मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दोन घावणे खाल्ले, चहा प्यायलो आणि आईला सुनीलची नक्कल करून दाखवली. सोसायटीच्या गणपतीत मी वीस वर्षं नाटकात कामं करतोय, पण असा प्रेक्षक मिळाला नाही. आई तोंडात पदर कोंबून हसत होती. डोळ्यांतून पाणी, खांदे हलतायत, आवाज नाही. आतून "वेळ संपली!" ऐकू आलं आणि मी चपला हातात घेऊन जिना उतरलो.

जवळ्याची बरणी

घरी वैशालीने पिशवी उघडली आणि एकदम मागे सरकली. "अहो, हे काय मेलंय?"

"बांगडे."

"ते दिसतंय. कधी मेलेत?"

"अगं, टवटवीत आहेत. वास घेऊन बघ, काही येतोय का?"

"विजय," ती म्हणाली. मला ती नावाने फक्त संकटात हाक मारते. "तुम्हाला वास येत नाहीये?"

मग प्रयोग सुरू झाले. तिने माझ्या नाकाखाली हिंग धरला. मग कापूर. मग डोकेदुखीचा बाम. शेवटी तिने माळ्यावरून सुक्या जवळ्याची बरणी काढली. या बरणीचं झाकण आमच्याकडे उघडलं की समोरच्या शहाकाकू त्यांचं दार लावून घेतात. मी त्या बरणीत कानांपर्यंत तोंड घातलं. समोर शहाकाकूंचं दार धाडकन लागलं. मला काही नाही.

वैशाली बरणी छातीशी धरून एकेक पाऊल मागे जाऊ लागली.

"बेडरूममध्ये जा. कशाला हात लावू नका."

"अगं, पण..."

"दारालासुद्धा नाही. मी पायाने ढकलते."

पलंगावर बसलो तोवर मला त्यातली गंमतच दिसत होती. पाटलांना हे कसं सांगायचं, बरणीच्या वेळी चेहरा कसा करायचा, याची मी मनात तालीम करत होतो. मग आईचा अंगठा आठवला. गालावरून फिरलेला. तो अंगठा नंतर तिने डोळे पुसायला वापरला होता.

मी आईच्या छोट्या फोनवर फोन लावला. "आई, मला बहुतेक कोविड झालाय."

"सुनल्याक सांगितलंस?"

"अजून नाही. सांगतो आता. तुझी तपासणी करायला हवी."

"अजिबात सांगा नको. सांगशीत तर माजी शपथ आसा तुका. ती दोघां तुका परत दारात उभो करूची नाय."

"आई, अगं..."

"शपथ घातलंय," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी चौपन्न वर्षांचा माणूस. विज्ञान शाखेचा पदवीधर. कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पण आईची शपथ मोडली की आईला काहीतरी होतं, हे मला पाचवीपासून पाठ आहे. पाचवीत मोडली होती. तिला गळू झालं. आता पंचाईत अशी की शपथ मोडली तर आईला काही होणार, आणि पाळली तरी होऊ शकत होतं.

अशा वेळी मी नेहमी जे करतो तेच केलं. काहीच केलं नाही.

वारावार सांगा

दुसऱ्या दिवशी तपासणी, तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट. पॉझिटिव्ह. तासाभरात वॉर्ड ऑफिसातून एका मॅडमचा फोन. वैशालीला ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून दाराशी ठेवला. आयुष्यातली घोडचूक.

"मागच्या आठवड्यात कुणाकुणाला भेटलात, काका?"

"कुणाला नाही. घरातच होतो."

"सगळे असंच म्हणतात. वारावार सांगा. सोमवारी?"

"दूध आणायला गेलो होतो."

"किती वेळ?"

"दीड तास."

दाराबाहेरून आवाज आला, "दीड तास?"

"पंपरूममध्ये थोडा कॅरम झाला," मी म्हणालो. "चौघंच होतो."

"नावं सांगा. मंगळवारी?"

"केस कापले. न्हाव्याच्या घरी. मागच्या दाराने."

"मला म्हणालात, केस आपोआप गळतायत!" दाराबाहेरून.

"त्याच दिवशी वडापाव. अर्ध्या शटरखालून. तिथे सहासात जण असतील."

"किती खाल्लेत?" हा प्रश्न मॅडमचा नव्हता.

"दोन."

"आणि घरी येऊन मुगाची खिचडी बाजूला सारलीत. भूक नाही म्हणे!"

मॅडमना हसू आवरत नव्हतं. ते खोकल्यात लपवायचीही सोय त्या दिवसांत नव्हती. त्यांनी घसा साफ केला. "बुधवारी?"

"मासे आणले. दिंडोशीला आईकडे पिशवी दिली."

"वर गेलात?"

मी दाराकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "गेटवर दिली."

एवढी लांबलचक यादी, आणि तिच्यात एवढंच एक खोटं. वैशालीची तपासणी निगेटिव्ह आली. कॅरमवाले तिघंही सुटले. पाटील अजून म्हणतात की मी त्यांना राणी काढू दिली नाही, त्यावरून माझी दानत कळते.

पुढे सरका

त्याच संध्याकाळी ऑक्सिजन ब्याण्णववर आला आणि मला मैदानावर उभारलेल्या तंबूच्या केंद्रात हलवलं. रुग्णवाहिकेत चढताना वर पाहिलं तर सगळी सोसायटी खिडक्यांत. मी वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. वैशाली हसली नाही. दहा फुटांवर उभी राहून म्हणाली, "टॉवेल निळा आहे. दुसऱ्याचा उचलून आणू नका." तिचा आवाज टॉवेलच्या मानाने फारच जड होता.

तंबूत खाटांच्या रांगा. पांढऱ्या पोशाखातल्या बायका-पुरुषांचे चेहरे दिसायचे नाहीत, म्हणून त्यांनी पाठीवर पेनाने नावं लिहिलेली. आमच्या सिस्टरने नावाशेजारी एक फूल काढलं होतं. पहाटे तपासणी, मग चहा, मग पालथं झोपणं, मग उपमा, मग पालथं झोपणं. उपम्याला चव नाही, चहाला नाही. डोळे मिटले की काय चावायचं आणि काय गिळायचं, तेवढाच फरक.

शेजारच्या खाटेवर घाटकोपरचे सोनवणे होते, निवृत्त बस कंडक्टर. नाकाला नळी लावलेली असतानाही त्यांनी वॉर्डाचा ताबा घेतला होता. चहाची रांग लागली की खाटेवरून आवाज यायचा, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" आणि खरंच माणसं पुढे सरकायची.

एका सकाळी आमच्या समोरच्या खाटेची चादर बदललेली होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. आदल्या दिवशी तो माणूस माझ्याकडून चार्जर घेऊन गेला होता. चार्जर माझ्या उशीशी ठेवलेला होता, वायर नीट गुंडाळून. सोनवण्यांनी त्या दिवशी चहाच्या वेळी हाक दिली नाही. मी पालथा झोपून राहिलो. कोण जाणार आणि कोण राहणार हे कुणालाच कळत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात फक्त आईच्या हाताचा अंगठा होता.

दुपारी मी आईला फोन लावला. मला तिच्या शिव्या हव्या होत्या. त्या कुजक्या बांगड्यांवर ती एकदा सुटली असती म्हणजे माझा जीव भांड्यात पडला असता.

"आई, ते बांगडे..." मी वाट मोकळी करून दिली.

"बरे होते," आई म्हणाली.

"काय?"

"बरे होते रे. ताजे. तळून खाल्लंय. असेच हाडीत जा."

मी फोन ठेवला. उशीच्या अभ्र्याने डोळे पुसू लागलो. सोनवणे वळून बघायला लागले. "काय झालं, परब? घरी सगळं ठीक?"

"आईने माझे मासे चांगले होते, असेच आणत जा, म्हणून सांगितलं."

"मग रडताय कशाला?"

"सोनवणे, ते कुजलेले होते! पोलीस पळाला होता! माझ्या आईला दोन मजले खाली कुणी शिळी कोलंबी आणली तर वर बसून कळतं. तिला वास येत नाहीये."

सोनवणे उठून बसले. नाकातली नळी नीट केली. "आईला कुठून लागण होणार?"

मी त्यांना बारा मिनिटं सांगितली. शपथही सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पस्तीस वर्षं बसमध्ये उभा होतो. ज्याला उतरायचं असतं तो आधी दारात येऊन उभा राहतो. तुम्ही आलाय दारात. आता उतरा."

व्हय म्हाराजा

"सुनील," मी म्हणालो, "आई म्हणाली, माझे बांगडे चांगले होते."

"कोण म्हणाली?"

"आई."

"आपली आई?"

"कुजलेले होते रे. वैशालीने फेकून दिले."

सुनीलला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. तोही त्याच आईचा मुलगा. "तिचा वास गेलाय," तो हळूच म्हणाला. "पण दादा, ती घराबाहेर पडलेलीच नाही. तिला कुठून..."

"मी वर आलो होतो. बारा मिनिटं. मास्क काढला होता."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "ठेवतो. नेतो तिला तपासायला."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. ती रात्र आणि तो दिवस मी इथे रंगवून सांगत नाही. वैशालीला मी त्याच वेळी फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडमना तुम्ही 'नाही' म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. एवढं छोटं उत्तर तुम्ही लग्नातसुद्धा दिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपार सरेना तेव्हा मी खाटेवर उभा राहिलो. आमच्याकडे अडचण आली की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीच्यांनी दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे काम एकट्याने करता येत नाही. हो म्हणायला माणसं लागतात.

"सोनवणे, तुम्ही म्हणाल का?"

"मी देव मानत नाही, परब. आमच्या घरी बाबासाहेब आणि बुद्ध."

"कळलं. राहू द्या."

"अहो, पण तुमच्या आईसाठी हो म्हणायला माझं काय जातं? चला, सुरू करा. ए, पलीकडची रांग, इकडे लक्ष द्या!"

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज मुलुंडच्या ह्या तंबूत तुजो लेकरू उभो आसा."

"व्हय म्हाराजा!" सोनवण्यांचा आवाज पार तंबूच्या टोकाला पोचला.

"त्याच्या हातून चूक झाली म्हाराजा. आवशीची शपथ मोडली, आणि ती मोडण्यात चार दिवस उशीर केलो!"

"व्हय म्हाराजा!" आता आमची रांग.

"त्याची शिक्षा काय ती त्याका दी. नाक घेतलंस, जीभ घेतलंस, ती ठेवन घे. पण दिंडोशीच्या तिसऱ्या माळ्यावरची म्हातारी सुखरूप ठेव!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही रांगा, धापा टाकत, खोकत. आणि सगळ्यांत शेवटी एक बारीक आवाज पांढऱ्या पोशाखाच्या आतून. पाठीवर फूल होतं. मग तीच म्हणाली, "आता खाली उतरा, काका. ऑक्सिजन बघू द्या."

चौऱ्याण्णव होता.

संध्याकाळी सुनीलचा फोन आला. मी तो दोनदा वाजू दिला.

"निगेटिव्ह," तो म्हणाला.

मी सोनवण्यांना हाताने खूण केली.

"दादा, ऐक. तिचं नाक शाबूत आहे. मीनलने तिला डोळे मिटायला लावून नाकासमोर कालवणातली त्रिफळं धरली, आमसूल धरलं, तिने सगळं ओळखलं. वर म्हणाली, फ्रिजमधलं दूध उद्या फाटणार आहे."

"मग बांगडे?"

"बोल तिच्याशी. ती हातातून फोन ओढतेय."

आणि मग ते सुरू झालं. "मेल्या! शपथ मोडलंस? आणि ते बांगडे! बांगडे ते? पिशवी सोडलंय आणि माका चक्कर इली. गॅलरीतसून खाली मांजरांका टाकलंय. त्यांनी वास घेतलो आणि माज्या तोंडाकडे बघूक लागली! बापाशीन तुका ह्याच शिकवल्यान?"

"मग चांगले होते का म्हणालीस?"

"तू थंय तंबूत एकटो," म्हणाली. "म्हटलंय, वायच बरा वाटात तुका."

मी फोन तसाच स्पीकरवर टाकला. ती पुन्हा सुरू झाली होती. सोनवण्यांनी सगळ्या रांगेला गप्प बसायची खूण केली आणि आम्ही सगळे पालथे झोपून माझ्या आईच्या शिव्या ऐकत राहिलो.

शेवटी फोन मीनलकडे गेला. मी कान टवकारले, वही परत येणार होती.

"दादा, तुम्ही वर आलात ते मला त्याच वेळी दारातून ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "मासे असे होते की वर्गातल्या मुलांना कॅमेऱ्यातून वास गेला नाही एवढंच नवल. तुम्ही पॉझिटिव्ह आलात तेव्हापासून मी आईंचा ऑक्सिजन आणि ताप दिवसातून तीनदा बघतेय. सगळ्यांचाच बघायचा नियम आहे म्हणून सांगितलं. झोपायलाही वेगळी खोली दिली."

"मग सुनीलला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. उद्या मीच सांगणार होते." तिने आवाज खाली आणला. "आणि आई हसत होत्या ना तेव्हा, दारातून दिसलं मला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. ते उदाहरण खरं तर पाच मिनिटांचं होतं."

टोपली

अकराव्या दिवशी मी घरी आलो. निळा टॉवेल बरोबर आणला. आणखी दोन आठवडे घरात काढल्यावर नवा कायदा निघाला. मीनलने गॅलरीतून दोरीला टोपली बांधली. मी खाली उभं राहायचं, मासे टोपलीत ठेवायचे, आईने ओढून घ्यायचे. मास्क नाकावर, हात लांब.

नाक अजून परतलं नव्हतं. वैशाली रोज सकाळी जवळ्याची बरणी उघडायची, मी मान हलवायचो, शहाकाकू दार लावायच्या. त्यामुळे त्या बुधवारी मी बांगडे फक्त डोळ्यांनी निवडले. हौसामावशीने शपथ घेऊन सांगितलं, आजचेच आहेत.

पिशवी टोपलीत ठेवली. टोपली डुलत डुलत तीन मजले वर गेली. आईने पिशवी सोडली, वाकली. मागे सुनील आणि मीनल उभे. खाली वॉचमन, मांजरं आणि मी, सगळे मान वर करून.

आईने काही ओरडून सांगितलं नाही. पिशवीचं तोंड उघडंच ठेवून तिने ती टोपलीत परत टाकली आणि दोरी सोडायला घेतली. टोपली माझ्या छातीशी येऊन थांबली.

मी मास्क वर ठेवूनच पिशवीत डोकं घातलं. पहिल्यांदा काही नाही. मग फार लांबून, जुन्या गोदामाचं दार कुणी किलकिलं करावं तसं काहीतरी आलं. मी पुन्हा श्वास ओढला. आंबूस. ओशट. किळसवाणा! स्पष्ट!

"आई!" मी रस्त्यातून बोंब ठोकली. "कुजलेत! आई, हे कुजलेत गं!"

सगळ्या खिडक्या उघडल्या. मी पिशवी डोक्यावर धरून गेटसमोर दोन गिरक्या घेतल्या. मांजरं लांब पळाली. सुनील कपाळाला हात लावून उभा होता आणि मीनल, आमची मीनल, कठड्याला धरून वाकून वाकून हसत होती.

आईने तोंडातला पदर काढला.

"मगे, मी काय सांगतंय?" ती वरून ओरडली. "जा, बदलून हाड!"